नावाच्या रकान्यातलं गाव

सोमवार. दिवाळीनंतर दुकान उघडलं तो दिवस, सकाळी साडेदहा. हजर: नाना, म्हणजे आमचे मालक, मी, फोनवर बसणाऱ्या मावशी, मिस्त्री, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्याच्या इंजिनिअर मॅडम. गैरहजर: कुणी नाही. विषय: सिस्टीम बदलणे.

माझ्या वहीत त्या दिवसाचं पान असं सुरू होतं. बैठक चार माणसांची असली तरी मी हजेरी लिहिते. नाना त्यावरून हसतात. "मॅडम, आपली काय जिल्हा परिषद हाय का?" असं त्या दिवशीही म्हणाले. पण कोण कशाला हो म्हणालं होतं हे शोधायची वेळ आली की तेच माझ्याकडे वही मागतात.

आमचं दुकान बीडमध्ये आहे. आम्ही कडबा कुट्टी मशीन विकतो. ज्वारीचा कडबा, मका, उसाचं वाढं, काहीही घातलं की बारीक होऊन खाली पडतं. ज्याच्या दावणीला दोनच म्हशी आहेत त्यालाही आता ते लागतं. मशीन घेतल्यावर पहिल्या वर्षात आम्ही तीनदा घरी जाऊन फुकट सर्व्हिस करतो. पात्यांना धार, बेल्टचा ताण, मोटरची तपासणी. कुणाची सर्व्हिस कधी, कुणाचं काय बिघडलं होतं, फोन कुणाला करायचा, हे सगळं एका संगणक प्रणालीत असतं. तिला सीआरएम म्हणतात, आम्ही नुसतं सिस्टीम म्हणतो. बारा वर्षं मी या दुकानाचं ऑफिस सांभाळते, त्यातली नऊ वर्षं ती सिस्टीम माझ्या हाताखाली आहे.

ती बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने दिवाळीआधी कळवलं होतं की जुनी आवृत्ती बंद होणार. नवी पूर्ण वेगळी आहे. तीन आठवड्यांनी शनिवारी दुपारी आमचा डेटा तिच्यात जाईल, आणि त्यानंतर जुनी उघडणार नाही. ज्या गोष्टी योग्य रकान्यात असतील त्याच जातील. बाकीच्या नाहीत.

इंजिनिअर मॅडमनी पडद्यावर आमची यादी उघडली आणि ती वरखाली सरकवून बघितली. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे ग्राहकाच्या नावाच्या रकान्यात नाव सोडून बरंच काही आहे."

ते खरं होतं. जुन्या सिस्टीममध्ये शेऱ्यासाठी जागा होती, पण फोन वाजला की पडद्यावर फक्त नाव दिसायचं. म्हणून मावशींनी सुरुवातीपासून सगळं नावातच भरलं होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि पुढे: 'धरणाच्या अंगाचा, पांढऱ्या बैलाचा, घर चुलत्याला लागून'. दुसऱ्या एकापुढे: 'ऊसतोडीला जातो, मागं सासरा, सासऱ्याला ऐकू कमी, मोठ्यानं बोलणे'. एका ओळीत तर नावापेक्षा पुढचं चौपट होतं.

"नव्या सिस्टीममध्ये नावाला चाळीस अक्षरं आहेत," मॅडम म्हणाल्या. "पुढचं कापलं जाईल. आणि दुसरं, एका मोबाईल नंबरला एकच ग्राहक. तुमच्याकडे इथे एका नंबरवर एकतीस ग्राहक आहेत. हे डुप्लिकेट दिसतात, एकत्र करून टाकू."

"डुप्लिकेट न्हाईत ते," मावशी म्हणाल्या. "चौसाळ्याच्या फुडं एक गाव हाय, तिथल्या किराणा दुकानाचा नंबर हाय तो. समदं गाव तोच देतंय."

नानांनी हे अर्धंच ऐकलं असावं. त्यांचं लक्ष पडद्यावरच्या एका चित्राकडे होतं. नवी सिस्टीम सर्व्हिसची आठवण करून देणारे मेसेज आपोआप पाठवते, असं त्या चित्रात दाखवलं होतं. "हे बेस हाय," ते म्हणाले. "मेसेज आपोआप जाणार. मग फोनला माणूस कशाला लागतंय?"

त्यांनी मावशींकडे बघून म्हटलं नव्हतं. मनात आलं आणि बोलून गेले. पण मावशी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी हातातलं पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि बैठक संपेपर्यंत उचललं नाही.

मावशींबद्दल सांगायला हवं. त्या दुकानात येण्याआधी अठरा हंगाम ऊसतोडीला गेल्या आहेत. दसरा झाला की ट्रॅक्टरवर बिऱ्हाड, मग फडावर पाच-सहा महिने. गुडघे गेले तेव्हा घरी बसल्या, आणि नानांच्या आईच्या ओळखीने इथे फोनवर आल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. संगणक मी शिकवला. मराठी टाइप करताना एका बोटाने करतात, पण माझ्यापेक्षा चुका कमी. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता म्हणाल्या, "ताई, ह्या गुडघ्यावर आता परत कोयता काय धरता येत न्हाई."

मी वहीत लिहिलं: मावशींचं काय, हे त्या शनिवारच्या आत ठरलं पाहिजे.

पुढे जे झालं त्यात पहिली चूक माझी आहे, म्हणून ती आधी सांगते.

मला नीटनेटकं काम आवडतं. नावाच्या रकान्यात नावच असावं, हे इंजिनिअर मॅडमचं म्हणणं मला तत्त्व म्हणून पटलं होतं. त्यामुळे मंगळवारी मी एकटीने बसून पाली आणि आजूबाजूच्या गावांच्या नोंदी साफ करून टाकल्या. नावापुढचं सगळं पुसलं. बैल, चुलता, धरण, सगळं. संध्याकाळी यादी इतकी सरळ दिसत होती की मी वहीत 'पाली व परिसर: नावे स्वच्छ' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

गुरुवारी सकाळी पालीकडून फोन आला. मावशींनी स्पीकरवर टाकला.

"बेल्ट तुटलाय. मशीन कालपासून बंद हाय. माणूस धाडा."

"नाव सांगा भाऊ."

त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि फोन ठेवला. घाई होती. पडद्यावर त्याच नावाचे, त्याच आडनावाचे, त्याच गावातले तीन जण सरळ रेषेत उभे होते. तिघांनी एकाच दूधवाल्याचा नंबर दिलेला.

मावशींनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, पुढचं कावून पुसलं हो? ते दिसलं असतं तर त्यानं फोन ठेवायच्या आत इचारलं असतं, बैलाचा का धरणाचा."

मी म्हटलं, नावात नावच असावं म्हणून. त्यांनी लगेच परत फोन लावला तर दूधवाला डेअरीवर पोचला होता आणि कुणी फोन केला ते त्याला आठवेना. मिस्त्रींनी अंदाजाने एक घर धरलं आणि बेल्ट घेऊन मोटरसायकलवर गेले.

दीड तासाने त्यांचा फोन. "मॅडम, मी ज्याच्या दारात उभा हाय त्याचं मशीन झकास चालू हाय. ह्यो म्हणतोय, माझं मशीन बंद पडलं हे मला कळायच्या आधी तुम्हाला कसं कळलं? चहा केलाय. काय सांगू?"

"चहा प्या आणि दुसरं घर शोधा."

"हे दुसरंच घर हाय. तिसरा शेतात गेलाय म्हणं, तीन वाजता येईन."

ज्याचा बेल्ट तुटला होता त्याचं काम संध्याकाळी झालं. त्याने दुकानात फोन करून मला ऐकवलं, "लई मोठं ऑफिस झालं तुमचं. पयले बैल सांगितला की माणूस दारात यायचा."

मिस्त्री परत आले तेव्हा त्यांच्या हातात त्या चुकीच्या घरातल्या बाईने दिलेली वालाच्या शेंगांची पिशवी होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "तुमच्या स्वच्छ यादीची कमाई," म्हणाले.

एक गोष्ट मी बरोबर केली होती. कामाला हात लावण्याआधी, सोमवारीच, पूर्ण डेटाच्या दोन प्रती काढून ठेवल्या होत्या. एक ऑफिसच्या कपाटात, एक घरी. माझ्या यादीतलं पहिलं काम नेहमी हेच असतं. शुक्रवारी सकाळी साडेदहाला पालीचे सगळे बैल परत जागेवर होते. वहीतल्या त्या दोन रेघांवर मी काट मारली.

आता प्रश्न दोन होते. मावशींनी नऊ वर्षांत लिहिलेलं योग्य रकान्यांत कसं बसवायचं, आणि एका नंबरवरचे एकतीस जण वेगळे कसे ठेवायचे. पहिलं काम मावशींशिवाय होण्यासारखं नव्हतं. त्यांनी लिहिलेल्या एकेका शब्दामागे दहा वाक्यं होती आणि ती फक्त त्यांना माहीत होती.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"माझ्या डोक्यातलं समदं त्यात भरून घ्यायचं," त्या म्हणाल्या, "अन् मंग मला घरी धाडायचं. असंच हाय ना ताई?"

खोटं बोलायचं नव्हतं. "नानांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, मावशी. मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही. पण पुढच्या पुढच्या शनिवारी जुनं बंद झालं की तुम्ही लिहिलेलंही जाईल. मग नानांना दाखवायला आपल्या हातात काय उरेल? एक कोरी यादी. त्या यादीला मेसेज पुरेसा आहे असंच त्यांना वाटेल."

फोन वाजला, त्यांनी घेतला, कुणाला तरी पात्याला धार लावायची तारीख दिली. ठेवला. सुट्टी झाल्यावर नेहमीसारख्या पिशवी घेऊन गेल्या. सोमवारी सकाळी मी आले तेव्हा त्यांची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी लावलेली होती.

"चौसाळ्यापासून धरू," म्हणाल्या. "तिकडं घोळ जास्त हाय."

त्याच दिवशी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते मिस्त्रींनी दिलं. इंजिनिअर मॅडम पडद्यावर सांगत होत्या की दोन ग्राहकांना एकच खूण सिस्टीम घेणारच नाही. मोबाईल नको असेल तर प्रत्येकाचं वेगळं असं दुसरं काहीतरी हवं. मी आधार म्हटलं, त्या नको म्हणाल्या. मिस्त्री दारात उभं राहून पान्याला लागलेलं ग्रीस पुसत होते.

"मशीनचा नंबर घ्या की," ते म्हणाले. "एका नावाची माणसं तीन असतेत. एका नंबराची मशीन दोन न्हाईत."

प्रत्येक मशीनच्या अंगावर, पाती असतात त्या बाजूला, पत्र्याची एक छोटी पाटी असते. तिच्यावर ठोकून उमटवलेला नंबर. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे रकाना बनवला. मग आणखी दोन मागितले: 'फोन कुणाचा' आणि तिसरा. तिसऱ्याचं नाव त्यांनी 'हंगामी स्थलांतर' ठेवलं.

"ह्याचा अर्थ काय?" मावशींनी विचारलं.

"म्हणजे ग्राहक काही महिने बाहेरगावी असतो का, हो किंवा नाही."

"त्यानं काय कळतंय? तोडीला गेला हे समद्यांनाच ठावं हाय. मशीन तर गावातच ऱ्हातं. जनावरं गावातच. त्यानला घास कोण टाकतंय, ते पायजे."

पडद्यावर मॅडमनी काहीतरी पुसलं आणि टाइप केलं. नवीन नाव दिसलं: 'तोडीत मागं कोण'. मावशींनी मान हलवली. त्या रकान्याला अजून तेच नाव आहे.

अडचण एकच होती. निम्म्याहून जास्त मशीनचे नंबर आमच्याकडे लिहिलेलेच नव्हते. ते घ्यायला प्रत्येक घरी जायला मिस्त्रींना चार महिने लागले असते. म्हणून फोन. दिवाळी उलटून गेलेली, जाणारे तोडीला गेलेले, गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मी यादी काढायची, मावशींनी फोन लावायचे, मी पुढ्यात बसून भरायचं.

त्या आठवड्यात मी जेवढी हसले तेवढी वर्षात हसले नसेन.

"मामा, मशीनजवळ जावा. पाटी दिसती का?"

"दिसती."

"काय लिवलंय?"

"शेण लागलंय."

"पुसा की मग!"

"थांब." बराच वेळ काही नाही. म्हैस ओरडल्याचा आवाज. मग, "पुसलं. आता चष्मा घरात हाय."

दुसऱ्या एका गावातल्या आजींनी मावशींनाच उलट विचारलं, "तुला नंबर कशाला गं पायजे? मशीन वापस नेताव का काय?" त्यांची समजूत घालायला दहा मिनिटं गेली. शेवटी आजी म्हणाल्या, "बाई, आकडे मला कळत न्हाईत. इंग्रजी हायेत. नातू शाळेत गेलाय."

मी 'संध्याकाळी परत फोन' असं लिहायला लागले. मावशींनी हाताने थांबवलं.

"आजी, चुलीतला कोळसा हाय का? अन् कागद? कसलाबी. तो कागद पाटीवर धरा अन् वरून कोळसा आडवा घासा. हळू. आकडे उठतेत. मग तो कागद दुधाच्या गाडीवाल्याकडं द्या, म्हणावं मांजरसुंब्याला धाब्यावर ठेव, मिस्त्री घेऊन जाईन."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, हे कुठून सुचलं. म्हणाल्या, "पोरं शाळेत नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्शिल घासत न्हाईत का?"

मांजरसुंब्याला सगळ्या गाड्या थांबतात आणि मिस्त्री तिथून एक दिवसाआड जातातच. दोन दिवसांनी ते पहिली पिशवी घेऊन आले. त्यात जे होतं ते मी अजून एका फाइलमध्ये जपून ठेवलंय. कॅलेंडरची पानं, वहीचे कागद, एका लग्नपत्रिकेची मागची बाजू, आणि सगळ्यांवर काळ्या धुरकट चौकोनात पांढरे आकडे. काहींच्या कोपऱ्यात कुणीतरी घरधन्याचं नाव लिहिलेलं. एकाने खाली 'मशीन चांगले आहे' असंही लिहून दिलं होतं. सात कागद चुकीचे निघाले, त्या लोकांनी मोटरच्या पाटीवर कोळसा घासला होता. मावशींनी ते बघताक्षणी बाजूला काढले. "हे मोटारीचं हाय. पात्याकडचं पायजे." त्यांना परत फोन.

धाबेवाल्याने चौथ्या दिवशी मिस्त्रींना विचारलं, "तुमी लोक कोळशाचा धंदा चालू केला का काय बे?"

किराणा दुकानाच्या नंबरवरचे एकतीस जण मात्र एका दिवसात झाले. मावशींनी दुकानदारालाच कामाला लावलं. सामान न्यायला येईल त्याला कागद आणि कोळसा द्यायचा, आणि उधारी नाही तर निदान नंबर तरी आण, असं म्हणायचं. दुकानदाराने हे वाक्य स्वतःचं म्हणून दिवसभर वापरलं असणार.

माझ्या यादीत आता दोनच मोठी कामं होती. शनिवारी होणारं डेटाचं स्थलांतर, आणि नाना. बुधवारी मी नानांना म्हटलं, "मेसेज आपोआप जातात ते तुम्हाला बघायचंय ना? उद्या सकाळी अकराला चाचणी ठेवते. अर्धा तास बसा."

मी दोन गावं निवडली. एकाच्या नोंदी आम्ही मुद्दाम जुन्याच ठेवल्या, म्हणजे जो मोबाईल लिहिलाय त्यावर मेसेज. दुसऱ्याच्या नोंदी नव्या, म्हणजे 'तोडीत मागं कोण' त्याच्या फोनवर. इंजिनिअर मॅडमनी बटण दाबलं. प्रत्येक गावात वीस मेसेज गेले: तुमच्या कुट्टी मशीनची मोफत सर्व्हिस आली आहे, वेळ ठरवण्यासाठी कळवा.

नाना घड्याळ बघत बसले. सहा मिनिटांत पहिला फोन वाजला. नानांनीच उचलला.

"हॅलो, मेसेज आला तुमचा. या की. पण आमी कर्नाटकात हाव. फडावर. कुठं येताव सांगा, पाचटाच्या कोप्या लई हायेत, आमची सापडणार न्हाई."

"अहो, मशीन कुठंय?"

"मशीन गावाकडं. मशीन काय उसाला आणताव का आमी?" मागे कुणीतरी मोठ्याने हसलं.

नानांनी फोन ठेवला. आणखी तीन फोन आले, तिन्ही फडावरून. एकाने तर सर्व्हिसवाल्याने येताना गावाकडून ज्वारीचं पीठ आणावं असं सांगितलं.

दुसऱ्या गावाकडून मात्र एकही फोन नाही. अर्धा तास झाला. पाऊण तास. मी सगळं परत एकदा तपासलं. नोंदी बरोबर होत्या, माणसं घरी होती, मेसेज पोचल्याची खूणही दिसत होती. नाना म्हणाले, "इथंबी काय झालं न्हाई की मॅडम. मग एवढा खटाटोप कशाला केला?"

मावशी म्हणाल्या, "नाना, मागं म्हाताऱ्याच हायेत. मेसेज कोण वाचणार?" आणि त्यांनी फोन ओढला.

त्यांनी वीस फोन केले. मी शेजारी बसून भरत होते, नाना समोर. "सासूबाई, मी बीडहून बोलते, मशीनवाली." "काका, मोठ्यानं बोलू का?" "शनिवारी नको, शनिवारी तुमचा बाजार असतो, मंगळवारी येऊ द्या." कुणाच्या म्हशीची चौकशी, कुणाच्या पोराचा हात मोडला होता त्याची. साडेबारापर्यंत वीसपैकी सतरा घरांची वेळ ठरली, आणि उरलेल्या तिघांपैकी एक शेतात होता, हेही त्यांना सुनेकडून कळलं. मिस्त्रींचा पुढचा आठवडा भरला. एका गावात, फोनच्या एकाच फेरीत.

नानांनी माझी वही ओढून घेतली आणि भरलेल्या वेळा एकदा वरून खाली वाचल्या. शेतीतला माणूस आहे, डोळ्यांनी बघितलेलं मानतो. म्हणाले, "मेसेज कुणी वाचतच न्हाई की. मग फोनला माणूस लागतंयच."

मग मावशींकडे वळून, "तुमी कुटं जायचं न्हाई, मावशी."

मावशी म्हणाल्या, "मी कुटं चाललेय? तुमीच म्हणला व्हता."

"म्हणलं असंन. आता न्हाई म्हणतोय."

मी वही त्यांच्या हातातून परत घेतली. "नाना, हे कागदावर द्या. मावशींना इथे नऊ वर्षं झाली, आणि त्यांचं एक ओळीचं नेमणूकपत्र नाही. माझं आहे, मिस्त्रींचं आहे."

हे नानांच्या ध्यानातच नव्हतं. माझ्याही नव्हतं, हे इथे लिहायला हवं. चाचणीच्या आदल्या दिवशी स्टाफची नावं नव्या सिस्टीममध्ये भरताना तिने प्रत्येकाच्या नेमणुकीची तारीख विचारली होती, आणि मावशींच्या पुढे मला काहीच लिहिता आलं नव्हतं.

"तुमी टाइप करा," नाना म्हणाले. "मी सही करतो."

शनिवारी दुपारी एक वाजता जुनी सिस्टीम बंद झाली. हजर: मी, मावशी, मिस्त्री, पडद्यावर इंजिनिअर मॅडम. नाना एका लग्नाला. दोन तास एक हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती आणि आम्ही तिघंही कामाचं निमित्त करून तिच्याभोवती फिरत होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी नवी सिस्टीम उघडली. मॅडम म्हणाल्या, "तुमचा तो एकतीस जणांचा नंबर टाकून बघा."

मावशींनी एका बोटाने किराणा दुकानाचा मोबाईल टाकला. पडद्यावर एकतीस नावं आली. नुसती नावं, प्रत्येकापुढे वेगळा मशीन नंबर, फोन कुणाचा, तोडीत मागं कोण. कुणी कुणात मिसळलेलं नाही. मावशींनी बोटाने पडद्यावर मोजली. दोनदा. मग पालीच्या त्या तीन एकाच नावाच्या माणसांना शोधलं. तिघं तीन ओळींत, आणि शेऱ्याच्या जागी, पूर्णच्या पूर्ण, बैल, धरण आणि चुलता.

"मराठवाड्यातल्या आमच्या बाकीच्या ग्राहकांनाही तो रकाना देणार आहोत," इंजिनिअर मॅडम म्हणाल्या. "नाव तेच ठेवू का, मावशी?"

"ठेवा की," मावशी म्हणाल्या, आणि पदराने पडद्यावरचा बोटाचा डाग पुसला.

मी अनेक कामं वेळेत केली आहेत. त्यांच्या यादीवर टिक मारताना मला नेहमी समाधान वाटतं. पण त्या शनिवारची गोष्ट वेगळी होती. हे काम मी आखलं, पण निभावलं एका बाईने, जिला तीन आठवड्यांपूर्वी आम्ही घरी पाठवायला निघालो होतो, आणि तिने दिलेला रकाना आता आमच्यासारख्या कुठल्या-कुठल्या दुकानांत भरला जाणार होता. मिस्त्रींनी पेढे आणले. मावशींनी दोन खाल्ले आणि चार पिशवीत टाकले.

सिस्टीमच्या पानावर सत्तावीस कामं लिहिली होती. सव्वीसपुढे टिक आहे. नेमणूकपत्र मी त्याच संध्याकाळी टाइप केलं. पदाच्या जागी 'ग्राहक संपर्क प्रमुख' लिहिलं. नेमणुकीची तारीख म्हणून त्या पहिल्यांदा फोनवर बसल्या तो दिवस टाकला. तो मला माझ्या जुन्या वहीत सापडला. दोन प्रती काढल्या आणि नानांच्या टेबलावर ठेवल्या. पुढच्या आठवड्यात ते लग्नसराईत होते, मग शेतात विहिरीचं काम निघालं, मग आले तेव्हा म्हणाले, उद्या बघतो. मावशी विचारत नाहीत. रोज दहाला येतात, पहिला फोन घेतात.

काम क्रमांक सत्तावीस: मावशींच्या पत्रावर नानांची सही. बाकी.